विमान कोण उडवतं

नवापूर, २४ जुलै २०२५

दादा,

पेपरात आलंय की मिग-२१ सप्टेंबरात शेवटचं उडणार आणि मग कायमचं खाली उतरणार. तुला हे माझ्याआधी माहीत असणार. पंधरा वर्षं तू त्या विमानाच्या पोटाखाली वाकून काम केलंस. तरी बातमी वाचल्यावर पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं, आणि मग आठवलं की तीन वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस.

फोन लावून पाहिला. वाजतो, तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. आर्मी पोस्ट ऑफिसचा नंबर नीट घातला की तुझी बदली कुठेही होवो, पत्र पोचतं, असं तूच शिकवलं होतंस. परत आलं नाही, तर पोचलं असं मी समजेन.

आईला सांगितलं, "बोंबील जाणार." ती ओटीवर सुका जवळा निवडत होती. म्हणाली, "आता पावसात कुटं बोंबील?" मग तिच्या लक्षात आलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

तुला आठवतं का सगळं? सुकी मासळी बांधून द्यायला आई बोईसरहून रद्दी आणायची आणि तिच्याआधी तू त्या गठ्ठ्यात हात घालायचास. विमानाचं चित्र सापडलं की ते पान मासळीच्या नशिबातून सुटायचं. तू ते कापून पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून भाताने चिकटवायचास. मला वाचता येत नव्हतं, म्हणून तू मला विमानं आपल्या टोपलीतल्या नावांनी शिकवलीस. नॅट म्हणजे मांदेली, कारण एवढीशी आणि चपळ. हंटर म्हणजे सुरमई; तिच्याइतकं देखणं विमान पुन्हा झालं नाही असं तू म्हणायचास, जणू तू तिच्यासोबत लढाई बघून आला होतास. जग्वारचं नाक लांब, म्हणून टोळ. मिराज म्हणजे पाकट, अंग तेच पंख. सुखोई म्हणजे घोळ. आणि तोंड उघडं टाकून, सडपातळ अंगाने सरळ धावणारं मिग-२१ म्हणजे बोंबील.

पाचवीत मी निबंधात लिहिलं होतं, "भारताकडे बोंबील नावाचे लढाऊ विमान आहे." बाईंनी लाल रेघ मारली. तू तेव्हा नुकताच भरती झाला होतास. मी रडत तुला पत्र लिहिलं, तर तुझं उत्तर आलं, "बाईंना सांग, भाऊ त्याच्या तोंडात डोकं घालून बघतो, त्याला विचारा." ते पत्र माझ्याकडे आहे.

किनाऱ्यावर उभं राहून आकाशात विमान शोधायची तुझी रीतही अजून तशीच वापरते. आवाज येतो तिथे बघायचं नाही, त्याच्या पुढे बघायचं. आवाज मागे राहिलेला असतो.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोलले ते खरं होतं. खरं बोलल्याबद्दल माफी कशी मागतात ते मला अजून समजलेलं नाही. पण तू घरी यावंस एवढं मला हवं आहे. बोंबील उतरायच्या आधी नाही जमलं तर नंतर ये. बाबा साठीला आले. बोटीतून चिखलात उतरताना आता दुसऱ्याचा हात धरतात, आणि तो हात कुणाचा आहे तेही बघत नाहीत.

हेमांगी


नवापूर, १० ऑगस्ट २०२५

दादा,

पाकिटात राखी आहे. बांधायचीच असं काही नाही.

परवा नारळी पौर्णिमा झाली. बाबांनी नारळ सोडला. आई तांदूळ वाहत होती तेवढ्यात गर्दीतून प्रतापकाका ओरडले, "काय एकनाथदा, मेकॅनिकसाहेब औंदा पन नाय?" बाबांचे चुलतभाऊ, म्हणून त्यांना सगळं माफ. दोघं-तिघं हसले. बाबा नारळाकडे बघत राहिले. तो लाटेवर परत परत किनाऱ्याकडे येत होता.

ते "मेकॅनिकसाहेब" मी गावाच्या तोंडात घातलं. तुला माहीतच आहे, पण मी एकदा सगळं क्रमाने लिहून बघते, मी कुठे चुकले ते दिसावं म्हणून.

जुलै २०२२. मासेमारी बंद, सगळे पुरुष घरी, म्हणून समाजाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सत्कार ठेवला होता. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा. तू त्यासाठी दोन दिवसांचा प्रवास करून आला होतास. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "एकनाथचा पोरगा लढाऊ विमान उडवतो, आता पोरगीबी शिकली." टाळ्या. त्यांच्यानंतरच्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्यांनी तर तू पाकिस्तानात जाऊन आल्याचं सांगितलं. मग माईक माझ्या हातात आला.

मी म्हणाले, "एक दुरुस्ती करते. माझा भाऊ विमान उडवत नाही. तो वैमानिक नाही, तंत्रज्ञ आहे, विमानाची देखभाल करतो. आपण खोटं सांगू नये. त्याचं काम लहान नाही."

शेवटचं वाक्य कुणापर्यंत पोचलंच नाही. मागून काका ओरडले, "म्हंजे गॅरेजवाला!" आणि अख्खा हॉल हसला. तूही हसलास. तुझं हसणं बघून मला वाटलं, सगळं ठीक आहे.

संध्याकाळी काकांनी तुला खाडीवर अडवलं. "काय रं भाग्या, आमच्या बोटीचं इंजिन दोन मयने बंद हाय. तुजा बोंबील सोड, याला बघ जरा." तू बाह्या वर केल्यास. तीन तास तू त्या इंजिनात होतास. ते सुरू झालं तेव्हा धूर आणि लोकांच्या आरोळ्या, मी जेटीवरून बघत होते. सकाळी उठले तर तुझी बॅग नव्हती. रजेचे आठ दिवस शिल्लक होते.

मी ते वाक्य अजून मनात उलटसुलट करून बघते. त्यात एकही शब्द चुकीचा सापडत नाही.

तुझी हेमांगी


सफाळे, ११ सप्टेंबर २०२५

दादा,

हे शाळेतून लिहिते आहे. मधली सुट्टी आहे, घाई आहे, अक्षर समजून घे.

तुला मी नोकरीचं सांगितलेलं नाही. गेल्या वर्षीपासून सफाळ्याच्या आत, डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. बोईसरच्या कंपन्यांमध्ये प्रयोगशाळेत काम मिळत होतं, आई म्हणत होती ते घे. मी हे घेतलं. कुणीतरी शिकवलं म्हणून आपण शिकलो, असं मला वाटतं. तू हसशील. हस.

वर्गात मागच्या भिंतीवर मी विमानं लावली आहेत. व्हॅम्पायर, तूफानी, नॅट, हंटर, मारुत, मग तुझी सगळी, आणि शेवटी तेजस आणि राफेल. पोरांना मासळीची नावं लागू पडेनात. त्यांना बोंबील सुका माहीत, पाण्यातला नाही. मग त्यांनी आपली नावं ठेवली. राफेलला पारूने शिक्रा म्हटलं आणि तेच नाव राहिलं. पारू सातवीत आहे. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती इथे वसतिगृहात राहते. बोलायला लागली की थांबत नाही.

मराठीच्या शैलाबाई रजेवर आहेत, म्हणून आज त्यांचा तास मी घेतला. प्रयोजक क्रियापद. पुस्तकातलं फळ्यावर लिहिलं, कर्ता जी क्रिया स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेतो ते. मग उदाहरणं. झोपणे, झोपवणे. आई बाळाला झोपवते. बसणे, बसवणे. पळणे, पळवणे. भिंतीकडे नजर गेली म्हणून चौथं मीच मनाने लिहिलं. उडणे, उडवणे. वैमानिक विमान उडवतो.

पारूने हात वर केला. हात वर केला म्हणजे बोलायला सुरुवात झालीच.

"बाई, ते चुकलं."

"काय चुकलं?"

"आई बालाला झोपवते तवा आई झोपते का? नाय. आई जागी रेते. बसवतो तो बसत नाय. मंग उडवतो तो उडतो कसा? वैमानिक तर आतमदी हाय. तो पन उडतोच."

मी म्हणाले, तसंच म्हणतात, सगळे तसंच म्हणतात.

"पतंग कोन उडवतो?" तिने मलाच विचारलं. "जो खाली उबा हाय तो. धागा त्याच्या हातात. पतंगावर बसून कोन पतंग उडवतं?"

वर्ग हसला. मागून झिपरू ओरडला, "पारू बसंल पतंगावर!" ती त्याला मारायला धावली. मी त्यांना थांबवलंही नाही. खडू हातात घेऊन फळ्याकडे बघत उभी राहिले.

दादा, मी बी. एस्सी. आहे. तीन वर्षं ते वाक्य मी हिंदीत, इंग्रजीत, शुद्ध मराठीत, सगळ्या भाषांत तपासलं. फक्त शब्द काय म्हणतो ते ऐकलं नाही. तू आयुष्यात एकदाही "मी वैमानिक आहे" म्हणाला नव्हतास. मी आज आठवून आठवून बघितलं. लहानपणी मी विचारायचे, "दादा, तू काय करतोस?" आणि तू म्हणायचास, "विमान उडवतो." प्रत्येक वेळी हाच शब्द. तू खोटं बोलत नव्हतास. माईकवरून खोटं मी बोलले. "माझा भाऊ विमान उडवत नाही," हे खोटं होतं.

फळ्यावरचं चौथं उदाहरण मी पुसलं नाही. "वैमानिक" एवढाच शब्द पुसला. पोरांना म्हटलं, कर्ता तुम्ही भरा.

घंटा झाली. मी चुकले, दादा. हे लिहायला एक ओळ लागते आणि मला तीन वर्षं लागली.

हेमू


नवापूर, २६ सप्टेंबर २०२५

दादा,

आज आम्ही तुझ्या विमानाचा निरोप बघितला. मी शाळेतून अर्धी रजा घेतली. समुद्राला वारा आहे, बोटी आत आहेत, त्यामुळे बाबा घरी. माझा मोबाईल आम्ही तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तिघं समोर बसलो. आईने नाव न घेता देवाजवळ दिवा लावला होता.

किती सुंदर दिसत होतं रे. साठ वर्षांचं विमान, आणि धावपट्टीवरून सुटलं तेव्हा त्याच्या मागची आग अशी की काल बांधलं असावं. आता तुमच्याकडे तेजस येईल, राफेल आहेच. ती हुशार विमानं आहेत, संगणक सांभाळून घेतो. हे विमान कुणाला सांभाळून घ्यायचं नाही, असं तू एकदा म्हणाला होतास. त्यालाच सांभाळावं लागायचं. किती माणसं त्याच्याबरोबर गेली तेही तू सांगितलं होतंस, नावांसकट, आणि त्या रात्री तू जेवला नव्हतास. आज सगळे त्याच्या पराक्रमाचं बोलत होते. मला तुझं ते न जेवणं आठवत होतं.

मी पडद्यावर तुला शोधत होते. कॅमेरा विमानांकडेच. मग क्षणभर खालची माणसं दिसली, कानांवर मोठी झाकणं, तोंडं ओळखू न येणारी. बाबा पुढे सरकले. "तो. डाव्या अंगाचा."

"कशावरून?"

"इमान सुटलं तरी हात खाली नाय केला. बोट लोटल्यावर आपली मानसं तशीच उबी रातात."

तू होतास की नव्हतास, मला माहीत नाही. तुझी बदलीही झालेली असेल. पण बाबांना तू दिसलास.

सगळं संपलं, आईने मोबाईल पुसून माझ्या हातात दिला, तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाबा, दादा विमान उडवतो असं तुम्ही लोकांना का सांगायचात?"

"उडवतोच."

"तो आत बसत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भरती-ओहोटी म्हणजे काय असं विचारलं असावं. "मी कदी बोललो, आत बसतो? त्याच्या तळावर घरच्या मानसांना बघाया सोडलं होतं, तवा मी होतो ना. आदी हा समदीकडनं हात फिरवतो. मंग वहीत सही करतो. मंग ते पायलट पोरगं वर चडतं. हा लाल फितीच्या पिना काडतो नि त्याला मोजून दाखवतो. हा हात करतो तवा इमान हालतं. हा नाय बोलला तर ते जागचं हालत नाय. मंग उडवतो कोन?"

पारूने जे व्याकरणातून काढलं ते बाबांनी नुसतं बघून काढलं होतं. माझ्यापुढे शब्दही होता आणि विमानही होतं. त्या दिवशी तळावर बाबांच्या शेजारी मीच उभी होते.

मी विचारलं, "मग हॉलमध्ये का बोलला नाहीत? काका ओरडले तेव्हा?"

त्यांनी उठून देवाजवळच्या दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाले, "तुजा सत्कार होता. आपल्या घरात पयल्यांदा कुनी माईकवर बोलत होतं. मी उटून सांगू, पोरगी चुकली?"

दादा, तूही तेच केलंस ना? तुझ्याकडेही उत्तर होतं. पतंगाचं उदाहरण तुला पारूपेक्षा आधी सुचलं असणार. तू हसलास, आणि माझा सत्कार पुरा होऊ दिलास.

आता मागच्या पत्रात मी जे लिहिलं नाही ते लिहिते. मी तुला लिहिलं, मी खरं बोलायला उठले. ते अर्धंच आहे. तीन माणसं माझ्या सत्काराला उभी राहिली आणि तिघं तुझ्यावर बोलली. माझी पदवी "पोरगीबी शिकली" एवढीच. मी पहाटे चारला उठून, मासळीच्या टोपल्यांसोबत प्रवास करून, अंगाला वास येतो म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसून शिकले होते. त्या दिवशी मला वाटलं, आज तरी माझं असू दे. खरेपणा मला आयता मिळाला. तो खरेपणाही नव्हता हे नंतर कळलं, पण माईक हातात घेताना माझ्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. तुला थोडंसं खाली आणायचं होतं. थोडंसंच. एवढं खाली येशील असं वाटलं नव्हतं.

माझ्या परीक्षेची प्रत्येक फी तुझ्या पगारातून गेली हे मला ठाऊक होतं, आणि त्याचाच राग जास्त होता, हे तुला समजेल की नाही माहीत नाही.

झालं. आता तुझ्यापासून लपवलेलं काही उरलेलं नाही.

हेमू


नवापूर, २३ ऑक्टोबर २०२५

दादा,

आज भाऊबीज. ताट केलं नाही. चंद्राला ओवाळायला आई म्हणत होती, मी नको म्हटलं. माझा भाऊ आहे.

गेल्या महिनाभरात मी एक बेत केला होता. त्याच हॉलमध्ये, कोजागिरीला, सगळे जमतात तेव्हा उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की चुकले ते मी. भाषणही लिहिलं होतं, दोन पानं. आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एकदा माईक घेतलास तेवडं बास झालं गो." भाषण चुलीत गेलं.

मग मी एकट्या प्रतापकाकांकडे गेले. ते जाळं सांधत बसले होते. मी त्यांना उडणे आणि उडवणे समजावलं, पतंगासकट. त्यांनी सुईवरून नजर काढली नाही.

"बरं," म्हणाले. "पन आमच्या इंजिनाचा आवाज बदललाय, ते तुज्या व्याकरणात हाय का?"

मी उठायला लागले, तर म्हणाले, "बस. त्याला परवाच बोललो मी. बोलला, पट्टा बघा."

"कुणाला?"

"भाग्याला. मयन्याला फोन करतो ना इंजिन विचाराया. तीन वर्सं झाली." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांची सुई थांबली. "तुला नाय करत?"

मी नाही म्हणाले.

काकांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं.  मग म्हणाले, "तुजी पत्रं येतात बोलला."

"काय बोलला?"

"बोलला, लय मोटी असतात."

मी तिथेच हसले आणि हसता हसता रडले. काकूने पाणी आणून दिलं आणि काकांना विचारलं, "आता हिला काय बोललात?" काका म्हणाले, "काय नाय. या टायमाला खरंच काय नाय."

रागही आला, दादा. ज्यांनी तुला गॅरेजवाला म्हटलं त्यांचं इंजिन तुला आठवतं, त्यांना तू दर महिन्याला फोन करतोस. घरी आल्यावर समजलं. इंजिनाला काय झालंय ते तुला कळतं, म्हणून तू त्याची चौकशी करू शकतोस. मला काय झालं होतं ते मीच तुला महिन्याभरापूर्वी सांगितलं.

म्हणून आजचं पत्र लहान लिहिते. या पत्रात मी तुला ये म्हणत नाही. मी बोलावलं म्हणून आलास, तर परत माझाच सत्कार होईल. तुला वाटेल तेव्हा ये. नाही वाटलं, तर काकांना फोन करत राहा. मी त्यांच्याकडून इंजिनाची खबर घेत जाईन.

हेमू


नवापूर, १ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तरी लिहिते, कारण आज फोनवर माझ्या तोंडून धड एक वाक्य निघालं नाही आणि आता झोपायच्या आधी सगळी सुचताहेत.

दुपारी चारला फोन वाजला तेव्हा मी वह्या तपासत होते. तुझं नाव दिसलं. तीन वर्षांत मी इतकं काही ठरवून ठेवलं होतं, आणि तू म्हणालास, "हेमू," तर मी नुसतं "हं" म्हणाले.

मागे कुठल्यातरी स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. तू विचारलंस, "उद्या भरती किती वाजता हाय?"

तू घरच्या बोलीत बोललास. मला ते आधी कळलंच नाही, मी कानाचा फोन काढून त्याच्यावरच भरतीचं वेळापत्रक शोधायला लागले. मग आईला विचारलं. ती पीठ मळत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिने बघितलंही नाही. "उद्या बारस लागते. तिथीचे पाऊनपट केले का भरतीचा टायम. बाराचे पाऊनपट, नव. नवाला भरती." आणि मग तिचे हात परातीतच थांबले. बोटीचं माणूस सोडून भरती कोण विचारतं?

"सकाळी नऊला," मी तुला सांगितलं.

"बाबा भायेर?"

"काल गेले. भरतीबरोबर खाडीत शिरतील."

"दोर धराया कोन असतं?"

"काका. नाहीतर मी."

 घोषणा संपली. मग म्हणालास, "उद्या तू राऊ दे," आणि फोन ठेवलास.

आईने पुन्हा पिठात हात घातला आणि म्हणाली, "बाबांना सांगू नको. त्यांचं ध्यान खाडीच्या तोंडाशी पायजे." पण बाबांचा फोन समुद्रात लागतच नाही, हे तिलाही माहीत आहे.

मी मात्र राहू देणार नाही. साडेआठलाच येऊन उभी राहीन. तू चिखलात उतर, बाबांना हात दे. बोट बांधायला दोन माणसं लागतात.

हेमू